बोन (बर्गंडी, फ्रान्स) : आई-वडिलांसह प्रवासासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. या वर्षी आई-वडिलांना घेऊन फ्रान्सला जाण्याचे ठरले असून, बर्गंडीतील बोन या तटबंदीच्या जुन्या शहरात निवांत मुक्काम करण्याची आमची इच्छा आहे. बर्गंडीच्या ड्यूकचा प्रधान निकोला रोलँ व त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ साली गोरगरिबांसाठी स्थापन केलेले तेथील रुग्णालय, त्याचे रंगीत कौलांचे नक्षीदार छप्पर आणि तिथे जतन केलेले रोगिअर व्हान डर वेडनचे ‘अंतिम निवाडा’ हे चित्र वडिलांना सावकाश पाहायचे आहे.

मुख्य अडचण तारखांची आहे. रुग्णालयाला दान मिळालेल्या द्राक्षमळ्यांतील वाइनचा, १८५९ साली सुरू झालेला लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. तो सोहळा गर्दी सोसूनही पाहण्याजोगा आहे का, की तोडणी आटोपल्यावर, वेलींची पाने पिवळी पडलेली असताना ऑक्टोबरमध्येच जावे? मला स्वतःला ऑक्टोबर अधिक योग्य वाटतो.

आईला गुडघेदुखीचा त्रास असल्यामुळे जिथे फारशा पायऱ्या उतराव्या लागत नाहीत असे एखादे वाइनचे तळघर कोणी पाहिले असल्यास अवश्य सांगावे. जवळच्या वूजो गावातील द्राक्षमळ्याच्या वाड्यात सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांच्या काळातील, द्राक्षे दाबून रस काढण्याची लाकडी यंत्रे आहेत. तिथे बोनहून मोटारीशिवाय सोयीने जाता येते का? आम्ही शाकाहारी आहोत आणि तिथल्या स्वयंपाकात गोमांसाचे प्रस्थ मोठे आहे, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी की जवळच्या दिजाँ शहरात राहून रेल्वेने ये-जा करावी, याबाबतही अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.