‘द रिबेल’मध्ये टिंगल नेमकी कुणाची?

धानपट्टा, भंडारा
काल इथं लिहिलं होतं : “‘द रिबेल’ (1961) हा सिनेमा म्हणजे आधुनिक चित्रकलेची टवाळी. ज्यांना चित्र कळत नाही त्या खेड्यातल्यांना हसवायला ठीक.” डोकंच फिरलं. शेवटपर्यंत पाहिला का, भाऊ? विनोदी नट टोनी हॅनकॉकनं केलेल्या कारकुनाला चित्र येत नाही हे सुरुवातीलाच दिसतं. खरी गोष्ट पुढं आहे. पॅरिसमधल्या खोलीतला जोडीदार पॉल चित्रं मागं सोडून जातो, जॉर्ज सँडर्सनं केलेला समीक्षक ती हॅनकॉकची समजून डोक्यावर घेतो. शेवटी पॉल स्वतःच हॅनकॉकसारखं बाळबोध रंगवतो, तर त्याचीही वाहवा! टिंगल पारख्याची आहे.

रंगरेषा, नागपूर
मग कॅनव्हासवर सायकल फिरवतो ते काय? कॅनव्हासवर रंग उडवणारा अमेरिकन चित्रकार पोलॉक 1956 मध्ये गेला, लगेच त्याच्या पद्धतीची खिल्ली. आणि खेड्याबद्दल चूक काय बोललो? तुमच्याकडं गॅलरी आहे कुठं?

वडसेकर
काहून जी, गॅलरी असली तरच डोळे असतात का? भाऊबीजेनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा लागली का दिवसा शंकरपट, बैलाच्या शर्यती, रातभर नाटक. माहा मामा नाटकाचे पडदे रंगवे. राजवाडा असा का मागच्या रांगेतल्या बाईले खांब मोजता येत. शहरातल्या एका प्रदर्शनात त्याले “ही सजावट आहे” म्हणून परत पाठवलं. तो मेला, पडदे अजून गावोगाव फिरतात. नाव कुठंच नाही.

चांदागड
मामांबद्दल आदर आहे, पण झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या नाटकांचे, गोडवे पुरे. नाटकात मधेच लावणी घुसवतात, कथा तिथंच थांबते. पडद्याकडं पाहतो कोण?

वडसेकर
तुम्ही नाई पाहत, मी पाहतो! लावणी कंपनीवाला आपल्या मर्जीनं नाई घालत, तिकीट काढणारा मागतो. तेवढं कबूल. पण 2023 मध्ये झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यायले पद्मश्री भेटली तेव्हा हेच लोक “आमची झाडीपट्टी” म्हणत होते. त्याच्या आधीच्या रातींले कुठं होते बे तुम्ही?

धानपट्टा, भंडारा
‘बे’ नको. पण मुद्दा तोच आहे. समीक्षकानं सांगितल्यावर सगळ्या पॅरिसला चित्र दिसू लागलं.

रंगरेषा, नागपूर
बरं, समीक्षकाचं पात्र तुमच्या बाजूनं आहे, मान्य. सायकलीचं मात्र मागे घेत नाही. आणि वडसेकर, त्या पडद्याचा फोटो असेल तर टाका. राजवाड्याचाच.

वडसेकर
टाकतो. पण खाली मामाचं नाव लिहूनच.