मदत हवी आहे: नवशिक्यांसाठी एसक्यूएलचं मराठी साहित्य

सोलापुरात बीसीए पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एसक्यूएलचे (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मराठी व्हिडिओ किंवा सरावाची गणितं कोणी सुचवेल का? एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस प्रणालीवरचं असेल तर बरं. सर्व्हर लागत नाही, डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो.

सिलेक्ट (काय दाखवायचं), व्हेअर (कोणत्या अटीवर) सगळीकडे मिळतं. अडतं पुढे. व्यापाऱ्यांच्या तक्त्याला ऑर्डरचा तक्ता लेफ्ट जॉइनने (जुळणी नसली तरी डावीकडच्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी राहतात) जोडून ऑर्डरच्या तारखेची अट व्हेअरमध्ये टाकली, की ज्या चादर व्यापाऱ्याची ऑर्डरच नाही तो यादीतून गळतो. तिथे तारीख नल (म्हणजे मूल्यच नाही) असते आणि नलशी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही. अट जॉइनच्या ऑनमध्ये (तक्ते कशावर जुळवायचे ते सांगणारा भाग) हवी. हे उदाहरणासकट समजावणारं काही आहे?

आणि एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची (एका तक्त्यातला संदर्भ दुसऱ्या तक्त्यात खरंच आहे ना, याची) तपासणी सहसा बंद असते, दर कनेक्शनला प्राग्मा ही सेटिंगची आज्ञा देऊन चालू करावी लागते. हे गाळणारे कोर्स कृपया नकोत.