मदत हवी आहे : शाळेचं रोबोटिक्स की बाहेरचा तबला?

नमस्कार मंडळी. मुलगी पुण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत आठवीत आहे, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम. शाळेत यंदा रोबोटिक्सचा वर्ग सुरू झालाय, शनिवारी सकाळी. तिला तो मनापासून आवडतो. जमिनीवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावरून धावणारी गाडी मुलांनी बनवली. वळणावर ती पट्टी सोडायची, तर हिने सेन्सर जरा खाली बसवून पाहिला आणि गाडी वळली! घरी येऊन तासभर तेच सांगत होती.

अडचण अशी की तबल्याचा क्लासही नेमका त्याच वेळी असतो. गांधर्व महाविद्यालयाच्या 'प्रवेशिका पूर्ण' या परीक्षेची तयारी चालू आहे. 'धाधा तिरकिट' हे बोल आता कुठे सफाईने वाजायला लागलंय, अशा वेळी तबला सोडवायला माझं मन तयार नाही. सरांकडे दुसरी बॅच नाही, शाळाही वार बदलत नाही.

दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात आणि प्रस्ताव शाळेमार्फतच मंडळाकडे जातो, एवढं माहीत आहे. पण गुणांसाठी तबला चालू ठेवावा असं मला वाटत नाही. तिचा हात बसलाय, तो मोडू नये एवढंच.

कुणाच्या मुलांनी दोन्ही सांभाळलंय का? कोथरूड-कर्वेनगर भागात रविवारी तबला शिकवणारं कुणी माहीत आहे का? आणि मधेच गुरू बदलले तर हाताच्या निकासात (बोल वाजवण्याच्या पद्धतीत) फरक पडतो का, हे जाणकारांनी जरूर सांगा.