तट्टू कोणाला म्हणावे आणि घोडा कोणाला?

घोडबंदरकर_आई:
मागच्या रविवारी आम्ही ठाण्याहून नेरळमार्गे माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने समोरच्या जनावराला 'पोनी' म्हटले, तेव्हा घोडेवाले काका काहीसे दुखावून म्हणाले, "ताई, ही घोडी आहे, तट्टू नाही." पोनी मोठा झाला की त्याचा घोडा होतो, अशी मुलीची समजूत होती. तसे नसते एवढे मी सांगू शकले. परंतु फरक नेमका उंचीचा, की जातीचा? आणि उंचीचाच असेल, तर पोलोमधल्या धिप्पाड घोड्यांना पोनी का म्हणतात?

मासुंद्याचा_शेजारी:
घोड्याच्या पिल्लाला शिंगरू म्हणतात. तट्टू मात्र पूर्ण वाढ झाल्यावरही तट्टूच राहते. उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, आयाळ जिथे संपते त्या खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. प्रचलित सीमा 14.2 हँड आहे. एक हँड म्हणजे 4 इंच आणि बिंदूनंतरचा आकडा दशांश नसून इंचांचा असतो, म्हणून 14.3 नंतर थेट 15 येते (हे न कळल्याने मी बरेच दिवस चुकीचा हिशोब करत होतो). म्हणजे सीमा 58 इंचांवर येते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये नाल नसताना 148 सेंटिमीटर धरतात.

तथापि हा नियम स्पर्धेच्या सोयीचा आहे. अरबी घोडा कधी कधी या सीमेखाली राहतो, आइसलँडचा तर बहुधा राहतोच, तरी त्या दोघांनाही कोणी तट्टू म्हणत नाही. पोलोमध्ये पूर्वी उंचीची मर्यादा होती आणि ती पहिल्या महायुद्धानंतर उठली. पुढे थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) रक्ताचे उंच घोडे मैदानात आले, पण जुने नाव तसेच चिकटून राहिले.

ऐरोलीकर_मूळ_बारामतीचा:
उंचीपेक्षा बांधा पाहिला, तर ओळख लवकर पटते. तट्टाचे पाय धडाच्या मानाने आखूड, छाती व पोट रुंद, मान जाड, आयाळ आणि शेपूट दाट असते. आपल्याकडच्या मणिपुरी, स्पिती, झंस्कारी आणि भुतिया या जाती डोंगराळ भागातल्या असून त्या तट्टांत मोडतात. मारवाडी व काठियावाडी हे मात्र घोडे. त्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात, आणि एकदा पाहिलेले ते कान माणूस विसरत नाही. काकांची घोडी तशी असेल, तर त्यांचे दुखावणे रास्तच होते.

आमच्याकडच्या भीमथडी तट्टाविषयी मात्र मी निःपक्षपाती राहू शकत नाही. थडी म्हणजे काठ. भीमेच्या खोऱ्यात स्थानिक तट्टांशी अरबी आणि तुर्की घोड्यांचा संकर होऊन ही जात घडली, असे मानले जाते. मराठ्यांच्या घोडदळाचा भार तिने वाहिला, आणि आजही मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर संसाराचे ओझे तीच वाहते. पाळीव जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. अंगाने लहान असूनही कमी चाऱ्यावर लांब चालण्यात ती भल्या भल्या घोड्यांना मागे टाकते, म्हणून 'भाड्याचे तट्टू' असा तुच्छतेने होणारा शब्दाचा वापर मला खटकतो.

खारघर_निवृत्त_पशुवैद्य:
वरच्या दोन्ही उत्तरांत एक व्यावहारिक भर घालतो. शेटलंडसारखी तट्टे गारठ्यात, खुरट्या गवतावर पिढ्यानपिढ्या तगलेली आहेत, त्यामुळे थोड्या खाद्यावरही त्यांच्या अंगी चरबी साठते. घोड्याच्या हिशोबाने त्यांना हिरवे गवत आणि धान्य दिले, तर मानेवर चरबीची कड चढते आणि पुढे खुरांच्या आत दाह होऊन जनावर लंगडू लागते. या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. थरोब्रेडची गोष्ट उलटी आहे. त्याला अंग टिकवण्यासाठीच पुष्कळ खावे लागते. त्यामुळे तट्टू समोर आले, तर मुलीने कौतुकाने गूळ भरवू नये.

घोडबंदरकर_आई:
सर्वांचे आभार. फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. घोडीचे कान सरळ आहेत आणि पाय आखूड. मुलगी म्हणते, पुढच्या वेळी काकांना हे सांगायचे नाही.