दोघांसाठी स्वस्त नो-कॉन्ट्रॅक्ट मोबाईल प्लॅन कुठला घ्यावा? मदत हवी आहे

आम्ही दोघंच, फोन दोन्ही अनलॉक्ड आहेत (कुठल्याही कंपनीचं सिम चालतं) आणि हप्ते संपलेत, त्यामुळे आता कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकायचं नाहीये. घरी वायफाय आहे, ह्यांना बाहेर मॅप्स आणि व्हॉट्सॲप पुरतं, मला मात्र प्रवासात लॅपटॉपसाठी हॉटस्पॉट लागतोच. मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क घेऊन स्वस्तात विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचा अनुभव कसा आहे? टॉवर तेच असले तरी गर्दीच्या वेळी त्यांच्या बऱ्याच प्लॅन्सचा स्पीड आधी पडतो म्हणे, ते रोजच्या वापरात किती जाणवतं? बऱ्याच अनलिमिटेड प्लॅन्समध्येही ठरावीक जीबीनंतर स्पीड इतका उतरतो की साधा फोटो जाता जात नाही, आणि हॉटस्पॉटची लिमिट बऱ्याचदा वेगळीच. दोन लाईन एकत्र घ्याव्या की आपापल्या वापराप्रमाणे वेगवेगळ्या? नंबर तेच हवेत, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. प्लीज, स्वतः वापरणाऱ्यांनी सांगा.