सभासद चाळीस, कामाला सातच. क्लबाचं काम टिकाऊ कसं होणार?

नवा सचिव
पटावर चाळीस सभासद आहेत, राबणारे तेच ते सातजण. दर वर्षी नवा अध्यक्ष, नवा उपक्रम, उद्घाटन, फोटो. पुढच्या वर्षी त्या उपक्रमाचं कोणी नावही काढत नाही. यंदा डोळे तपासणीचं शिबिर घ्यायचं घाटतंय. स्वयंसेवक शेवटपर्यंत टिकावेत म्हणून काय करावं? आणि लोकांना खरंच उपयोग झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

जुनी वही
दुखणं एका वर्षाच्या कारकिर्दीत आहे. रोटरी काय, लायन्स काय, १ जुलैला नवी खुर्ची. त्यात गैर काही नाही, पण खुर्चीबरोबर विषयही बदलला की सगळं पाण्यात. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम हाती घेतलं, त्यानंतर कितीतरी अध्यक्ष आले-गेले, विषय तोच राहिला. अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी १९२५ च्या अधिवेशनात लायन्सना अंधांसाठी काम करायची गळ घातली, ते काम आजही चालू आहे.

तुम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या: तीन वर्षं एकच विषय. समितीत मावळता, चालू आणि पुढचा अध्यक्ष, तिघेही हवेत. आणि विषय बैठकीत चहा पिता पिता ठरवू नका. आधी तीस-चाळीस घरं फिरा, सगळीकडे तोच एक प्रश्न विचारा: "डोळ्यांचा त्रास असून डॉक्टरकडे गेला नाहीत, ते कशामुळे?" उत्तर पुष्कळदा "सोबत यायला कोणी नाही" असं येतं. मग गरज तपासणीच्या तंबूची नसते, गाडीची आणि सोबतीची असते.

चाळिशीचा चष्मा
वरचं पटलं. तपासणीपुरतं लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

तक्ता ६ मीटरवर. अंतर टेपने मोजा आणि जमिनीवर चिकटपट्टी लावा. रांग मागून रेटते, लोक नकळत दोन पावलं पुढे येतात आणि नजर आहे त्यापेक्षा चांगली निघते. जागा कमी असेल तर ३ मीटरचा वेगळा तक्ता मिळतो. ६ मीटरचाच जवळ टांगू नका. खिडकीवर टांगाल तर मागच्या उजेडाने अक्षरं नीट दिसणार नाहीत, उजेड तक्त्यावर समोरून पडायला हवा.

डोळा तळहाताने झाकायचा, तळवा खोलगट ठेवून. बोटांनी झाकला तर फटीतून बघतात. दाबून धरला तर पुढे त्याच डोळ्याची पाळी आली की थोडा वेळ धूसर दिसतं. आधी उजवा डोळा तपासायचा, मग डावा. लांबचं बघायचा चष्मा असेल तर तो लावूनच. वाचता न येणाऱ्यांसाठी चार दिशांना तोंड केलेल्या 'ई'चा तक्ता, दिशा हाताने दाखवायची.

६/१२ ची ओळ (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून वाचता येते ती) ६ मीटरवरून जमली नाही तर पिनहोलमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पट्टीतून, वाचायला लावा. सुधारलं तर बहुधा नंबरचं काम आहे, नाही सुधारलं तर नेत्रतज्ज्ञाकडे. स्वयंसेवकाने एवढंच लिहायचं. "मोतीबिंदू दिसतोय" वगैरे बोलायचं नाही. लाल-दुखरा डोळा किंवा अचानक दिसेनासं झालेला माणूस रांगेत थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.

उपयोगाचं मोजमाप विचारलंत. चार आकडे ठेवा: किती जणांना पुढे पाठवलं, किती पोचले, किती जणांना चष्मा मिळाला किंवा शस्त्रक्रिया झाली, महिन्याने कितींची नजर सुधारली. "आठशे जणांची तपासणी" हा आकडा बातमीपुरता. खरी गळती पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात असते: सोबत नाही, रोजगार बुडतो, भीती वाटते, फोन बंद. म्हणून नोंदीत घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर घ्याच आणि पाठपुराव्यासाठी एका स्वयंसेवकाकडे आठ-दहाच नावं द्या.

हिशेबनीस
माणसं टिकत नाहीत, कारण "या मदतीला" एवढंच सांगितलेलं असतं. येऊन उभं राहायचं, कोणी विचारत नाही. प्रत्येकाला चिठ्ठी द्या: काम कोणतं, कुठे, किती वाजता यायचं, किती वाजता सुटका, अडलं तर कोणाला विचारायचं. पाळी तीन तासांची. दोन दिवस आधी फोन करा. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे. दर पाच जणांमागे एक राखीव.

पैशाचंही आत्ताच लावून घ्या. लोकांकडून जमवलेला पैसा आणि सभासदांची वर्गणी, खाती वेगळी. लायन्समध्ये तर लोकांचा पैसा क्लबाच्या कारभारावर खर्चच करता येत नाही. धनादेशावर दोघांच्या सह्या, आठ दिवसांत हिशेब फलकावर. हिशेब लांबला की कुजबुज सुरू होते, आणि तिथून आधी कामाची माणसं गळतात.

नवा सचिव
आभार. तीन तासांत साधारण नव्वद जण तपासायचे तर माणसं किती?

चाळिशीचा चष्मा
दोन्ही डोळे आणि नोंद धरून माणशी तीन-चार मिनिटं, म्हणजे एका टेबलावर तासाला पंधरा. दोन टेबलं लागतील. प्रत्येकी दोघं (एक तक्त्यापाशी, एक पट्टीपाशी), नोंदणीला दोन, पिनहोलला एक, जवळच्या नजरेला एक, रांगेला एक. झाले नऊ, राखीव दोन. सात तुमचे आहेत, चार बाहेरून आणा. सभासद नसले तरी चालतं.

जुनी वही
शिबिराची तारीख छापण्याआधी रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेच्या तारखा आणि जागा लेखी घ्या. त्या मिळत नसतील तर शिबिर पुढे ढकला.