मदत हवी आहे: वडिलांना दुसऱ्यांदा मुतखडा, बोअरच्या पाण्यामुळे होतो का?

राम राम मंडळी, आम्ही रावेर साइडचे, केळीची शेती. आप्पांना दुसऱ्यांदा मुतखडा झालाय, डॉक्टर म्हणे कॅल्शियम ऑक्सलेटचा आहे, लघवी दिवसाला अडीच लिटर झाली पाहिजे एवढं पाणी प्या अन् मीठ कमी करा. आता मे मधे 45 च्या उन्हात माणूस बागेत घामानेच निथळतो, लघवी होणार कुठून? गावात सगळे बोअरच्या जड पाण्यालाच नावं ठेवतात. आईने तर त्यांचं दूधच बंद केलं, पण डॉक्टर म्हणतात दूध चालू ठेवा, जेवणातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच धरून ठेवतं. पालक, शेंगदाणे मात्र कमी, त्यात हे ऑक्सलेट जास्त असतं म्हणे, आता आमच्याकडे शेंगदाण्याशिवाय भाजी होते का सांगा! आरओ बसवून कोणाला खरंच फरक पडला का? अन् शेतात पाणी प्यायची आठवण कशी ठेवता?